चौकटींतले सूर

चित्रकलेच्या तासाला मूल चित्र काढतें. तें आंब्याच्या झाडाचें असो कीं आगगाडीचें असो, रेघ त्याची स्वतःची असते. निबंधाच्या तासाला तें चारच ओळी कां होईनात, पण आपल्या मनच्या लिहितें. संगीताच्या तासाला मात्र तें दुसऱ्यानें रचलेलें गाणें, दुसऱ्यानें लावलेल्या चालीवर, शिक्षक सांगतील त्या पट्टींत म्हणतें, आणि घंटा झाली कीं उठून जातें. प्राथमिक शाळेंत चार-पांच वर्षें काढलेल्या मुलाला ‘आजवर तूं स्वतः किती चाली केल्यास?’ असें कोणी विचारलें तर तो प्रश्नच त्याला चमत्कारिक वाटेल. चाल ही करावयाची वस्तु आहे, ही कल्पनाच त्याच्या कानांवर कधीं आलेली नसते.

ह्याचा दोष शिक्षकांकडे जात नाहीं. चित्राला पाटी आणि खडू पुरतो. निबंधाला अक्षरओळख पुरते. सुरांची रचना करावयाची तर आजवर दोहोंपैकीं एक गोष्ट अवश्य लागे: वाद्यावर सराईतपणें फिरणारा हात, किंवा स्वरलिपि लिहिण्यावाचण्याचा अभ्यास. दोन्ही साध्य होण्यास वर्षें लागतात, आणि तोंवर मूल प्राथमिक शाळा ओलांडून पुढें गेलेलें असतें. गळा सर्वांनाच असतो हें खरें. परंतु गळ्यांतून निघालेला सूर निघतां निघतांच विरतो. त्याच्याकडे परत पाहतां येत नाहीं, त्यांतला एक पुसून दुसरा लिहितां येत नाहीं. अक्षराला जशी पाटी, तशी सुराला पाटी नव्हती. संगणकानें आणि मोबाइलनें प्राथमिक वर्गाला खरोखर उपयोगी असें कांहीं दिलें असेल, तर ती ही पाटी होय.

ह्या उणीवेची झळ सर्वांत अधिक लागते ती ज्याचा गळा लवकर सुरांत येत नाहीं त्या मुलाला. स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे अशा मुलाला मागच्या रांगेच्या टोकाला उभें करून ‘तूं नुसते ओठ हलव’ असें सांगण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणीं चालत आलेला आहे. सांगणाऱ्याच्या मनांत क्रौर्य नसतें. कार्यक्रम नीट पार पडावा एवढीच इच्छा असते. पण आठव्या वर्षीं ऐकलेलें तें वाक्य माणूस पन्नाशींतहि विसरत नाहीं, आणि ‘मला गाण्यांतलें कांहीं कळत नाहीं बुवा’ असें हंसत हंसत सांगणाऱ्या कित्येक सुशिक्षित गृहस्थांच्या मागें तेंच वाक्य उभें असतें.

वर्गांत यंत्र आलें आणि त्याच्याबरोबर संगीत आलें, असें पूर्वीं एकदां घडून गेलेलें आहे. ब्रिटिश नभोवाणीनें शाळांसाठीं पाठ सुरू केले ते १९२४ च्या एप्रिल महिन्यांत. आणि चार तारखेला झालेला पहिला पाठ संगीताचाच होता. तो सर वॉलफर्ड डेव्हिस यांनीं दिला. थोर संगीतज्ञाचा आवाज दूरच्या शाळेंत पोंचावा, ही त्या काळीं केवढी नवलाची गोष्ट! परंतु त्या पेटीपुढें मूल बसे तें मुख्यतः ऐकावयास. सूर पेटींतून येत, आणि पेटीला मुलाचा सूर ऐकूं येत नसे. आजच्या साध्या साधनांनीं जो फरक केला आहे तो नेमका ह्या ठिकाणीं.

उदाहरणादाखल एकच साधन नीट पाहणें बरें. गूगल कंपनीनें २०१६ सालीं ‘क्रोम म्यूझिक लॅब’ या नांवानें संगीताचे कांहीं छोटे प्रयोग इंटरनेटवर खुले केले, आणि २०१८ सालीं त्यांत ‘साँग मेकर’ हा प्रयोग घातला. त्यासाठीं पैसे पडत नाहींत, नांवनोंदणी करावी लागत नाहीं. पडद्यावर चौकटींची एक जाळी दिसते. डावीकडून उजवीकडे काळ जातो, खालून वर सूर चढतात. एखाद्या चौकटीवर बोट ठेवलें कीं ती रंगानें भरते आणि तिचा सूर वाजतो. पुन्हां बोट ठेवलें कीं ती रिकामी होते. सा जर एका रंगाचा असेल तर वरच्या सप्तकांतला साहि त्याच रंगाचा. खालच्या बाजूला तालवाद्याच्या दोन ओळी निराळ्या राखलेल्या असतात. त्यांत एका ओळीला गोल आणि दुसरीला त्रिकोण अशी खूण आहे. आरंभीं जी मांडणी समोर येते तींत चार खंड, प्रत्येक खंडांत चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे दोन भाग, अशा एकूण बत्तीस उभ्या रांगा असतात. लय कमीजास्त करतां येते, खंडांतील ठोके बदलतां येतात, वाद्याचा आवाज निवडतां येतो. याहून अधिक फारसें त्यांत कांहीं नाहीं, आणि हाच त्याचा मोठा गुण. मोठ्यांसाठीं केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या साधनांत बटणांची इतकी दाटी असते कीं तीं समजून घेण्यांतच तास संपतो.

अशी जाळी तिसरीच्या वर्गापुढें ठेवली तर पहिल्या दिवशीं काय होतें? मुलें चित्रें काढतात. कोणी घर काढतो, कोणी चांदणी, कोणी आपल्या नांवाचें पहिलें अक्षर. आणि एखादा तरी असा निघतोच कीं जो सगळ्या चौकटी भरून टाकतो व त्यांतून निघणाऱ्या कल्लोळावर अत्यंत खूष होतो. शिक्षकानें त्या दिवशीं रागावूं नये. घराचें छप्पर चढत गेलें तसा सूरहि चढत गेला, आणि भिंत उभी होती तेथें सगळे सूर एकदम आदळले, हें मुलांनीं कानांनीं टिपलेलें असतें. ‘उंच सूर’, ‘खालचा सूर’ हे शब्द मोठ्यांना सहज वाटतात. लहान मुलाला मात्र ‘उंच’ म्हणजे पुष्कळदां ‘मोठ्यानें’ असें वाटतें. तो घोटाळा ही जाळी एका तासांत दूर करते.

खरा पाठ दुसऱ्या दिवशीं सुरू होतो, आणि तो सुरू होतो कांहीं तरी काढून घेण्यानें. साधनाच्या मांडणींत ‘पेंटाटॉनिक’ असा एक पर्याय आहे. तो निवडला कीं मध्यम आणि निषाद यांच्या ओळी नाहींशा होतात, व सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर उरतात. हे भूपाचे स्वर होत. (ते नुसते वाजले म्हणून भूप झाला असें कोणी समजूं नये, राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे.) ह्या पांचांत अर्ध्या सुराचें अंतर कोठेंच नसल्यामुळें कोणताहि स्वर कोणत्याहि स्वराशीं कर्कशपणें भांडत नाहीं, आणि नवशिक्या हातालाहि ऐकण्याजोगें कांहीं तरी साधतें. ही युक्ति संगणकाची नव्हे. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ आणि त्यांच्या सहकारी गुनिल्ड केटमन यांनीं मुलांसाठीं जीं लांकडी व धातूच्या पट्ट्यांचीं वाद्यें वापरलीं, त्यांतील नको त्या पट्ट्या उचलून बाजूला ठेवतां येत. १९४८ सालीं बव्हेरियाच्या नभोवाणीवरून त्यांनीं मुलांनीं स्वतः वाजवावयाच्या संगीताची पाठमाला सुरू केली, तेव्हां ऐकणाऱ्या मुलानें नुसतें ऐकत न बसतां हातांत कांहीं तरी घ्यावें हाच त्यांतला रोख होता. पट्टी उचलून ठेवणें आणि पडद्यावरील ओळ मिटवणें या दोन्ही गोष्टी एकच.

आतां मुलांपुढें एक लहानसा प्रश्न ठेवावा. एकच खंड घ्यावा, आठ रांगा. त्यांत सहांहून अधिक चौकटी भरावयाच्या नाहींत, आणि एका रांगेंत एकच सूर. चाल अशी करा कीं ती संपली असें ऐकणाऱ्याला वाटलें पाहिजे. मुलें कामाला लागतात, वाजवून पाहतात, आणि थोड्याच वेळांत तक्रार येते कीं आमची चाल संपतच नाहीं, ती हवेंत लोंबकळते. शेवटचा सूर कोणता आहे? रे आहे. बदलून पाहा. ध करून पाहतात, प करून पाहतात, आणि सा केला कीं वर्गांतून एक समाधानाचा हुंकार निघतो. षड्जाला आधारस्वर कां म्हणतात हें सांगावयास ह्यापुढें शिक्षकाला फार शब्द लागत नाहींत. त्यानंतर दुसरा गट मुद्दाम लोंबकळणारी चाल करतो आणि तिसरा गट तिला उत्तर देऊन घरीं आणतो. प्रश्न व उत्तर, स्थायी व अंतरा, मुखडा व परतणें यांचीं बीजें त्यांत आहेत. पण हीं नांवें आधीं सांगण्याची घाई करूं नये.

तालाच्या दोन ओळींना मराठी मुलाजवळ एक तयार भांडवल आहे, तें म्हणजे शब्दांतील लघुगुरु. लघूला एक रांग आणि गुरूला दोन, असा नियम करावा व भाजीच्या टोपलींतले शब्द घ्यावे. ‘कोबी’ म्हणजे दोन गुरु, चार रांगा. ‘भेंडी’ तशीच. ‘मुळा’ म्हणजे लघु-गुरु, तीन रांगा. आणि ‘बटाटा’ म्हणजे एक लघु व दोन गुरु, पांच रांगा. आतां ‘कोबी भेंडी’ हे चार अधिक चार मिळून आठ झाले, आणि ‘बटाटा मुळा’ हे पांच अधिक तीन मिळूनहि आठच झाले! दोघांनीं खंड तंतोतंत भरला, पण चाल किती निराळी! पहिल्याचे ठोके पहिल्या, तिसऱ्या, पांचव्या व सातव्या रांगेंत पडतात. दुसऱ्याचे पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व सातव्या. एकाला गोलाच्या ओळींत आणि दुसऱ्याला त्रिकोणाच्या ओळींत घालून दोन्ही एकदम वाजवलीं कीं तीं पहिल्या आणि सातव्या रांगेंत तेवढीं एकमेकांना भेटतात व बाकी सर्वत्र एकमेकांच्या फटींतून वाट काढतात. ‘मुळा बटाटा’ असें उलटें केलें तर काय होईल, हें मुलांनींच करून पाहावें. आधीं टाळ्या वाजवून म्हणावें आणि मगच पडद्याकडे वळावें. नाहीं तर बोट शिकतें आणि अंग कोरडें राहतें.

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. चौकटींमुळें संगीत म्हणजे सुट्या सुट्या सुरांचे मणी, अशी समजूत होण्याचा संभव असतो. मुलाचा कान मात्र तसा ऐकत नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जीन बॅम्बर्गर यांनीं मुलांच्या संगीतबुद्धीचा अनेक वर्षें अभ्यास केला आणि १९९१ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. ओळखीच्या गाण्याचे तुकडे करून, ते संगणकावरील ठोकळ्यांच्या रूपानें मुलांना पुन्हां जुळवावयास देणें ही त्यांची एक आवडती पद्धत होती. मूल सुरांची मोजदाद करीत बसत नाहीं. तें चालीचा एक अर्थपूर्ण तुकडा, एक वळण, धरून ठेवतें, हें त्यांच्या कामांतून स्पष्ट दिसतें. आपल्याकडील आई अंगाई शिकवतांना एकेक ओळच म्हणून दाखवते, ती ह्याच समजुतीनें. म्हणून शिक्षकानें कांहीं वेळां कोरी जाळी न देतां भरलेला एखादा खंड द्यावा आणि ‘ह्याच्या पुढें काय शोभेल?’ असें विचारावें. कोऱ्या कागदापुढें मोठ्या लेखकांचाहि हात अडतो. मग आठ वर्षांच्या मुलाची कथा काय?

दुसरें साधन याहूनहि साधें आहे आणि तें बहुतेक घरांत असतेंच: मोबाइलवरील ध्वनिमुद्रक. मुलांनीं शाळेंतील आवाज गोळा करावे. नळाचें ठिबकणें, बाकाचें करकरणें, खराट्याचा सपाटा, जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा गडगडाट. घरून कोणी कुकरची शिट्टी आणील, कोणी खलबत्ता आणील. हे आवाज संगणकावर घेऊन कापावयास आणि जोडावयास ‘ऑडॅसिटी’ नांवाचें साधन २००० सालापासून विनामूल्य मिळतें. तेथें आवाजाचें चित्र दिसतें: दार आपटल्याचें टोंकदार सुळक्यासारखें, शिट्टीचें लांब पट्ट्यासारखें. झांजेचा आवाज उलटा वाजवला तर तो शून्यांतून फुगत येऊन एकदम तुटतो, आणि वर्ग थक्क होतो. हा पोरखेळ आहे असें ज्यांना वाटेल त्यांनीं पिएर शेफेर यांची आठवण करावी. पॅरिसच्या नभोवाणींतील ह्या अभियंत्यानें आगगाडीचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून त्यांचीच एक रचना केली आणि १९४८ च्या ऑक्टोबरांत ती नभोवाणीवरून ऐकवली; संगीताच्या इतिहासांत तेथून एक नवें प्रकरण सुरू झालें. ज्या मुलाला सुरांची जाळी आवडत नाहीं तें पुष्कळदां आवाजांच्या ह्या शिकारींत पुढें असतें.

आणखीहि साधनें आहेत. त्यांवर फार रेंगाळण्याचें कारण नाहीं. २००७ सालीं आलेल्या ‘स्क्रॅच’मध्यें आज्ञांचे ठोकळे एकमेकांत अडकवून संगणकाकडून काम करवून घेतां येतें, त्यांत सूर आणि ढोल वाजवण्याचे ठोकळे आहेत, आणि ‘पुन्हां कर’ असाहि एक आहे. तीनतालाचे पहिले दोन विभाग हुबेहूब सारखे असल्यामुळें तेथें एकच विभाग लिहून तो दोनदां करावयास सांगतां येतो, पण तिसऱ्या विभागाला निराळें लिहावें लागतें, हें ज्या मुलाच्या लक्षांत आलें त्याला तालाची रचना समजली. मात्र हें चौथी-पांचवीच्या वरचें काम. ‘मेकी मेकी’ नांवाच्या छोट्या फळीला तारा जोडून केळ्यांची किंवा बटाट्यांची पेटी करतां येते. २०१२ पासून जगभर मुलांना तिनें हंसवलें आहे. केळें वाजतें हें नवल एक तास टिकतें. दुसऱ्या तासाला वाजवावयाचें काय, हा प्रश्न उरतोच, आणि केळें त्याचें उत्तर देत नाहीं.

आतां ज्या आक्षेपाला जाणत्या घरांतून प्रथम वाचा फुटेल, त्याकडे वळणें प्राप्त आहे. पडद्यावरील हे सूर कोणाचे? सप्तकाचे बारा सारखे भाग करून जे स्वर पाश्चात्त्यांनीं पेटीला दिले, तेच ते. त्यांतला गंधार स्वयंभू गंधारापेक्षां चढा आहे. अर्ध्या सुराचे शंभर भाग कल्पिले तर सुमारें चौदा भागांनीं चढा. पेटीवरचा हाच आक्षेप घेऊन अखिल भारतीय नभोवाणीनें १९४० सालीं तिला आपल्या केंद्रांतून रजा दिली, आणि ती बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. शिवाय चौकटींत मींड नाहीं, कण नाहीं, आंदोलन नाहीं. दोन चौकटींच्या मधली जी जागा, तेथेंच तर आपल्या गाण्याचा निम्मा जीव. आणि ती जागा पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ आहे. लयहि तशीच: घड्याळाची, न श्वास घेणारी.

आक्षेप खरा आहे, आणि तो झांकून ठेवण्यापेक्षां वर्गापुढें मांडणेंच हिताचें. साँग मेकरमध्यें एक सोय आहे: त्यांत गाऊन सूर भरतां येतात. मूल गातें आणि यंत्र त्याचा सूर ओळखून जवळची चौकट भरतें. मुलाचा सूर दोन चौकटींच्या मध्यें पडला तरी यंत्र त्याला इकडे किंवा तिकडे ढकलतेंच. म्हणून यंत्रानें भरलेल्या चौकटीवरून मुलाच्या गळ्याला गुण किंवा दोष कधींहि देऊं नये. उलट पांढरी एकवर तंबोरा लावावा (तो आतां मोबाइलवरहि मिळतो), मुलांना डोळे मिटून त्याच्याबरोबर ग लांबवावयास सांगावें, आणि मग पडद्यावरचा ग वाजवावा. फरक बारीक आहे; सर्वांना तो कळणार नाहीं. पण ज्या चौघांना कळेल त्यांना श्रुति म्हणजे काय याचा अनुभव आठव्या-नवव्या वर्षीं मिळेल, आणि तो कोणत्याहि व्याख्येनें मिळाला नसता. नंतर चौकटींत रचलेली चाल सर्वांनीं पडद्याशिवाय गावी. गातांना ग पासून प कडे जातांना गळे आपोआप घसरतात; ती घसर चौकटींत कोठें होती, असें विचारावें. नव्हती. मग आली कोठून? हा प्रश्न वर्गांत सोडून देण्याजोगा आहे.

ह्याच टप्प्यावर मागच्या रांगेंतल्या त्या मुलाचें काय होतें तें पाहण्यासारखें असतें. त्याचा गळा अजून सुरांत आलेला नाहीं. पण कोणता सूर कोणत्या सुरानंतर बरा वाटतो हें ओळखणें निराळें आणि तो सूर गळ्यांतून नेमका काढणें निराळें. पुष्कळांचा कान गळ्याच्या आधीं तयार असतो, आणि जाळी कानाचीच परीक्षा घेते. अशा मुलानें केलेली चाल वर्गानें उचलली, चाळीस गळ्यांनीं ती म्हटली, आणि ‘इतकी जलद नको, थोडी सावकाश’ असें सांगण्यासाठीं त्याला पुढें बोलावलें, तर तें मूल ओठ हलवणारें राहत नाहीं. आपली चाल इतरांबरोबर म्हणतांना त्याचाहि गळा हळूहळू तिच्याजवळ सरकूं लागतो. कारण ती कशी व्हावयास हवी हें त्याला कोणी सांगितलेलें नसून तें त्यानेंच ठरवलेलें असतें. असें दर वेळीं होईलच अशी ग्वाही कोणी देऊं नये. पण ओठ हलवून गळा सुधारल्याचें तर कोठेंच ऐकिवांत नाहीं.

राहिला प्रश्न सोयीचा. पन्नास मुलें, एक संगणक, आणि इंटरनेट येईल तेव्हां येईल, ही बहुतेक शाळांची स्थिति. वीस मुलांनीं वीस पडद्यांवर वीस चाली एकदम वाजवल्या तर कोणालाच कांहीं ऐकूं येत नाहीं. सर्वांच्या कानांना यंत्रें लावलीं तर प्रत्येक जण आपल्यापुरता उरतो. तेव्हां एकच पडदा सर्वांना दिसेल असा लावणें ही अडचण नसून सोयच आहे. बालभारतीनें ‘खेळू, करू, शिकू’ या नांवाच्या पुस्तकांत शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला यांना एकत्र बसवलें आहे. तेथें मिळणाऱ्या वेळांत हें सर्व सहज बसतें. आणि यंत्र अगदींच नसलें तर? गणिताची चौकडीची वही आहे. तींत पांच आडव्या ओळी सुरांच्या आणि दोन तालाच्या आंखून, रंगीत पेन्सिलींनीं चौकोन भरून, आठवडाभर मुलांनीं चाली लिहाव्या, एकमेकांच्या चाली वाचून गाव्या, आणि आठवड्यांतून एकदां संगणकापुढें नेऊन त्या पडताळून पाहाव्या. कागदावरची चाल कशी वाजेल याची मनांत अटकळ बांधणें आणि मग ती ऐकणें, ह्यांत जें शिक्षण होतें तें सदा पडद्याशींच खेळण्यानें होत नाहीं.

चाल साठवली कीं साधन तिची एक लिंक देतें. ती आईच्या मोबाइलवर पाठवतां येते, आणि रात्रीं जेवतांना सगळें घर ती ऐकूं शकतें. मुलाचें नांव किंवा शाळेचें नांव त्याबरोबर बाहेर जाणार नाहीं एवढी काळजी घ्यावी. तसेंच लिंकेवर फार विसंबूं नये. कंपन्या आपलीं साधनें बदलतात, कधीं बंदहि करतात. वर्गाची म्हणून एक चौकडीची जाड वही असावी, आणि तिच्यांत प्रत्येक चाल तारीख घालून उतरवून ठेवावी, मुलानें तिला दिलेल्या नांवासह. मग तें नांव ‘आजोबांची सायकल’ असो कीं नुसतेंच ‘गडबड’ असो. रबरानें पुसलेले चौकोन त्या वहींत तसेच दिसूं द्यावे. येथें आधीं कोणता सूर होता आणि तो कां बदललास, हें त्यामुळें पुढेंहि विचारतां येतें.